डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठाचे तेल

गणेशगुडीला येणारे पाहुणे सुपा धरण पाहतात, काळी नदीत होडीतून फिरतात आणि पक्ष्यांचे फोटो काढून परत जातात. नदी-ओढ्यांच्या काठी वाढणाऱ्या कडू कवठाच्या झाडाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. फळ गोल, तपकिरी आणि टणक कवचाचे. दिसायला कवठासारखे, पण खाण्याचे नव्हे. त्याच्या बियांचे तेल खरूज-गजकर्णावर लावण्याची रीत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना जुनी आहे. या तेलाशी जोडले गेलेले एक मोठे नाव म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ च्या सुमारास, गोव्यात पेडण्याजवळच्या मांद्रे गावी. घरची परिस्थिती बेताची. लहान भाऊंचा बुद्धिबळाचा डाव पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांना इंग्रजी शिकवण्याचा आग्रह धरला, असे सांगतात. कुटुंब मुंबईला आले. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून भाऊ तिथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते.

वैद्यकीत त्यांना यश आणि पैसा दोन्ही मिळाले. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांना मोफत औषधपाणी दिले. मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार केला, बाँबे असोसिएशनच्या उभारणीत पुढाकार घेतला. विष्णुदास भावे यांची नाटके मुंबईत आली तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अजिंठ्याचे शिलालेख वाचले, कालिदासाच्या काळावर लिहिले. १८६५ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्यांची बरीचशी कमाई बुडाली, तरी काम थांबले नाही. १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय १९७५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते.

एवढ्या व्यापातही एका रोगाने त्यांना सोडले नाही. तो म्हणजे कुष्ठरोग, त्या काळच्या बोलीत महारोग. रोग्याला घराबाहेर काढण्याचे ते दिवस. भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथ चाळले, जुनी औषधे पारखली आणि रोग्यांवर उपचार केले. कडू कवठाचे तेल पोटात देणे आणि अंगाला चोळणे हा त्या उपचाराचा गाभा होता, असे मानले जाते. गुण येतो म्हणून लांबून रोगी येऊ लागले.

मात्र त्यांनी आपली पद्धत इतर डॉक्टरांपुढे पूर्णपणे उघड केली नाही. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांची वर्षानुवर्षांची निरीक्षणे वैद्यकाच्या हाती नीटशी आलीच नाहीत. आदल्याच वर्षी नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. भाऊंचे मोठेपण मान्य करूनही आम्हाला ही त्यांच्या चरित्रातली रुखरुख वाटते. एकाच्या हाती असलेले ज्ञान त्याच्याबरोबर जाते. दहा जणांना दिले तर ते गावोगाव पोहोचते.

पुढे या जातीच्या झाडांचे तेल जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले. १९४० च्या दशकात डॅप्सोनसारखी औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८० च्या दशकापासून दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. आज सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. उपचार सुरू झाला की रोग्यापासून इतरांना होणारी लागण लवकरच थांबते. मग प्रश्न उरतो तो वेळेवर ओळखण्याचा.

कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही. त्वचेपेक्षा फिकट किंवा तांबूस दिसतो आणि तिथे स्पर्श कळत नाही. दुखत नाही म्हणूनच माणूस दवाखान्यात जात नाही. गेला तरी कधी कधी गजकर्णाचे मलम घेऊन परत येतो. तोवर नसा बिघडतात, बोटे वाकतात. हे टाळणारी पहिली व्यक्ती मोठ्या शहरातील तज्ज्ञ नसते. ती असते गावची आशाताई, नर्सबाई, अंगणवाडीताई किंवा उपकेंद्रातला कर्मचारी. चट्ट्यावर कापसाचा बोळा किंवा पेनाचे टोक हलकेच टेकवून, डोळे मिटलेल्या माणसाला स्पर्श कळतो का एवढे पाहिले, तरी शंका घेता येते. जोयडा तालुक्यासारख्या जंगलात विखुरलेल्या वस्त्यांत तर हीच माणसे घरापर्यंत पोहोचतात. त्यांना नीट शिकवले आणि अधूनमधून उजळणी करून दिली, तर पुढचे अपंगत्व टळेल.

भारतात कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरला नाही, असे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. त्यानंतरही दरवर्षी नवे रोगी सापडतच आहेत. म्हणून आशाताई त्वचेची तपासणी करायला दारी आली तर तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नये. घरातल्या सर्वांनी, कामाला येणाऱ्या मावशींनी आणि शेतावरच्या गड्यांनीही तपासून घ्यावे. घरात कोणाला रोग निघाला तर लपवू नये. सोबत राहणाऱ्यांनाही प्रतिबंधक औषध मिळते. भाऊंनी रोग्याला जवळ केले, तेवढे आपणही करावे. आणि त्यांच्या हातून जे सांगायचे राहिले, ते आपण चार जणांना सांगावे.