मूळ अर्थाने ‘रोमान्स’

रोमान्स म्हटलं की काय आठवतं? पाऊस, बाईक आणि मागे वाजणारं गाणं. पण हा शब्द मुळात प्रेमाचा नव्हताच! मध्ययुगीन फ्रान्समध्ये विद्वान मंडळी लॅटिनमध्ये लिहायची. साधी माणसं जी भाषा बोलायची, तिच्या नावातून हा शब्द आला. मग त्या बोलीतल्या गोष्टींनाही तेच नाव पडलं. गोष्टी कुणाच्या, तर दूरदेशी मोहिमेवर निघालेल्या वीरांच्या. प्रेम त्यात रुळलं आणि पुढे अख्खा शब्दच त्याने बळकावला.

बोली, मोहीम आणि प्रेम हे तिन्ही ज्यांच्या आयुष्यात होतं, त्यांचं स्मारक आपल्या भैय्या चौकात आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. डॉक्टर झाले मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. जपानने चीनवर हल्ला केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं, त्यात हे होते. वय फक्त २७. म्हणजे आपल्यातले काही जण अजून स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरत असतात ते वय!

तिथे त्यांनी आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. त्याहून भारी वाटतं ते म्हणजे ते चिनी भाषा शिकले, आणि नुसती कामापुरती नाही. तिथल्या वैद्यकीय शाळेत ते चिनीतूनच शिकवायचे. लोकांनी त्यांना नावही चिनी दिलं, क दिहुआ. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून याच युद्धात जखमींवर उपचार करताना संसर्ग होऊन गेले होते, त्यांच्या नावाचं हे रुग्णालय.

गुओ चिंगलान तिथे परिचारिकांना शिकवायच्या. दोघांची पहिली भेट बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात झाली. १९४१ च्या अखेरीस लग्न. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ; यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचं. पाचांपैकी परत न आलेले ते एकटेच.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, स्वतः कोटणीस झाले आणि जयश्री चिंगलान. सिनेमा तिथे संपतो, चिंगलान यांचं आयुष्य नाही. यिनहुआही १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण घेतानाच गेला. त्या मात्र कोटणीसांच्या माणसांशी नातं टिकवून राहिल्या, भारतात येऊन गेल्या. २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं, लग्नानंतर तब्बल ७० वर्षांनी. संसार एका वर्षाचा होता.