जॉर्ज म्युलर यांची प्रातःकाळची शिदोरी

ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर हें नांव आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांस अनाथांचा पिता म्हणून ठाऊक आहे. कोणापाशीं पैसा न मागतां केवळ प्रार्थनेच्या बळावर त्यांनीं हजारों मुलें पोसलीं, ही गोष्ट वारंवार सांगण्यांत येते. परंतु इतक्या मुलांस जेवूं घालणारा हा मनुष्य स्वतः रोज सकाळीं काय जेवीत असे, म्हणजे त्याच्या आत्म्यास अन्न कोठून मिळे, याविषयीं फारसें बोलणें होत नाहीं. आज तेंच सांगावें असा आमचा हेतु आहे.

२७ सप्टेंबर १८०५ रोजीं प्रशिया देशांत क्रोपनस्टेट गांवीं त्यांचा जन्म झाला. बाप सरकारी कर गोळा करणारा होता. पुत्रानें पाळक व्हावें असें त्यास वाटे, पण तें देवाच्या प्रीतीस्तव नव्हे, तर उपजीविका बरी चालावी म्हणून. मुलगा तर बापाच्याच ताब्यांतील पैसे चोरीत असे. सोळाव्या वर्षीं उतारगृहाचें देणें बुडविल्यामुळें त्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ तुरुंगांत राहावें लागलें. पुढें पाळकाच्या कामाचें शिक्षण चालू झालें. त्या विद्यार्थिदशेंत त्याजपाशीं सुमारें ३०० पुस्तकें होतीं, परंतु त्यांत पवित्र शास्त्र नव्हतें!

१८२५ च्या नोव्हेंबर महिन्यांत, हाले येथें शिकत असतां, एका शनिवारीं संध्याकाळीं एका मित्राबरोबर तो एका व्यापाऱ्याच्या घरीं प्रार्थनेस गेला. तेथें मोठा वक्ता कोणी नव्हता. एक अध्याय व एक छापील उपदेश वाचून दाखविण्यांत आला, गीतें झालीं, आणि एका बंधूनें गुडघे टेकून प्रार्थना केली. मनुष्य गुडघे टेकून प्रार्थना करितो हें त्या तरुणानें जन्मांत प्रथमच पाहिलें. घरीं परततांना त्याचें मन अपूर्व आनंदानें भरून गेलें होतें. ज्या खेड्यांत पांच-सहा माणसेंच ओसरीवर भजनास जमतात, तेथील बंधूंनीं ही संध्याकाळ ध्यानांत ठेवावी असें आम्हांस वाटतें.

१८२९ सालीं म्युलर इंग्लंडांत आले. १८३० सालीं टेनमथ येथील मंडळीचे पाळक झाले, त्याच वर्षीं मेरी ग्रोव्हज यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि लवकरच त्यांनीं ठराविक पगार घेणें सोडून दिलें. १८३२ पासून ब्रिस्टल हेंच त्यांचें गांव झालें. १८३६ च्या एप्रिलांत भाड्याच्या घरांत पहिलें अनाथगृह उघडलें. १८७० पर्यंत अ‍ॅशली डाउन टेकडीवर पांच मोठीं घरें उभीं राहिलीं, आणि त्यांत २,००० मुलांची सोय झाली.

आतां मुख्य गोष्ट. कित्येक वर्षें म्युलर यांचा नेम असा कीं, पहाटे उठावें आणि होतां होईल तों लगेच प्रार्थनेस लागावें. नेम चांगलाच होता, पण मन ऐकेना. पाव तास, अर्धा तास, कधीं कधीं तासभर गुडघ्यांवर असतांही चित्त भटकत राही, आणि खरी प्रार्थना म्हणावी ती त्यानंतर कोठें सुरू होई. १८४१ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, दिवसाचें पहिलें काम म्हणजे आपला आत्मा प्रभूच्या ठायीं आनंदित होणें, आणि उपाशी आत्मा आनंदित कसा होणार? तेव्हांपासून त्यांनीं क्रम बदलला. आधीं थोडक्या शब्दांत देवाचा आशीर्वाद मागावा, मग नवा करार उघडून एक एक वचन सावकाश वाचावें, आणि त्यांत आपल्यासाठीं काय आहे तें शोधावें. असें करितां करितां कांहीं वेळानें पापाची कबुली, उपकारस्तुति किंवा दुसऱ्यांसाठीं विनंती आपोआप तोंडीं येई. ती झाली कीं पुढच्या वचनाकडे वळावें. मोठ्या टाइपाचा नवा करार बरोबर घेऊन ते न्याहारीपूर्वीं शेतांतून फिरत हें मनन करीत.

एक गोष्ट त्यांनीं फार जपली. हें वाचन उपदेशाच्या तयारीसाठीं नव्हे, तर स्वतःच्या पोषणासाठीं होतें. आमच्या कॅटेकिस्ट बंधूंनीं येथें थोडें थांबावें. दुसऱ्यांच्या पानांत वाढतां वाढतां आपलें ताट रिकामें राहण्याचा धोका आपणांइतका कोणास आहे? ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनींही मागें राहूं नये. आदल्या रात्रीं ऐकलेलें एक वचन गोठ्यांत धार काढतांना मनांत घोळवितां येतें.

या शांतीची परीक्षा वारंवार झाली. १८५७ च्या नोव्हेंबरअखेर पहिल्या अनाथगृहांतील घर उबदार ठेवणाऱ्या बंबास गळती लागली. विटांचें बांधकाम फोडल्यावांचून दुरुस्ती होईना, आणि विस्तव विझविला तर ३०० मुलें थंडीनें गारठणार. उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता. म्युलर यांनीं दुरुस्तीचा दिवस ठरविला, कारागीर बोलाविले, आणि देवापाशीं दोन गोष्टी मागितल्या: वारा दक्षिणेचा व्हावा, आणि नहेम्याच्या काळच्या लोकांप्रमाणें कारागिरांस काम करण्याची हौस व्हावी. ठरल्या दिवशीं दक्षिणेचा वारा वाहूं लागला, आणि कारागीर आपण होऊन रात्रभर राबले. ही गोष्ट सांगणारे बहुधा वाऱ्याचेंच कौतुक करितात. आम्हांस कारागिरांच्या मनांत झालेला पालट त्याहून लहान वाटत नाहीं.

घरांतील दुःखही त्यांस चुकलें नाहीं. १८३५ सालीं त्यांचा लहानगा पुत्र वारला. ६ फेब्रुवारी १८७० रोजीं, जवळजवळ चाळीस वर्षांच्या संसारानंतर, पत्नीही निवर्तली. तिच्या अंत्यविधीचा उपदेश त्यांनीं स्वतःच केला, आणि त्यासाठीं देवाच्या चांगुलपणाविषयींचें, ११९ व्या स्तोत्राचें ६८ वें वचन निवडलें. तें वचन त्या दिवशीं शोधून काढिलेलें नव्हतें. पुष्कळ सकाळीं तें त्यांच्या अंगीं मुरलें होतें.

१८७५ पासून सतरा वर्षें त्यांनीं हिंदुस्थानासह ४२ देशांत प्रवास करून उपदेश केला. आमच्या महाराष्ट्रास त्यांचें ऋण आणखी एका वाटेनें आहे. पंडिता रमाबाईंनीं म्युलर यांच्या अनुभवांचें पुस्तक वाचलें, आणि त्यांच्याप्रमाणें आपणही या देशांत सर्वस्वीं देवावर विसंबून राहूं शकूं काय, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. केडगांवच्या मुक्ति मिशनचें कार्य याच भरंवशावर वाढलें.

९ मार्च १८९८ रोजीं संध्याकाळीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं, म्युलर यांनीं अनाथगृहांतील प्रार्थनासभा नेहमींप्रमाणें चालविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातच्या सुमारास चहा घेऊन येणाऱ्या सेवकानें दार ठोठावलें, तेव्हां आंतून उत्तर आलें नाहीं. ते आपल्या पलंगाजवळ जमिनीवर पडलेले होते, आणि प्राण आधींच गेला होता.