उजाड पुणे वसवणाऱ्या जिजाऊ

सिंदखेडराजा हे आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातलं गाव. तिथल्या लखुजीराव जाधवांच्या घरी १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. आईचं नाव म्हाळसाबाई. शिवरायांच्या आई म्हणून जिजाऊ सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांनी एक मोडलेलं गाव पुन्हा वसवलं, ते मला आज सांगायचं आहे.

लहानपणीच जिजाऊंचं लग्न शहाजीराजे भोसले यांच्याशी झालं. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने लखुजीरावांना आणि त्यांच्या मुलांना दग्याने मारलं. एकाच दिवशी जिजाऊंचे वडीलही गेले आणि भाऊही गेले. पुढे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवराय जन्मले.

पुणे ही शहाजीराजांची जहागीर. त्याच सुमारास विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळलं. गाढवांचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, असं सांगतात. त्यात मोठा दुष्काळ पडला. माणसं गाव सोडून गेली. शेतात रान माजलं.

१६३६ नंतर जिजाऊ बाल शिवरायांना घेऊन पुण्यात राहायला आल्या. लाल महाल बांधला. कसबा गणपतीचं देऊळ उभं राहिलं. सोन्याचा फाळ लावून नांगर धरला, अशी आठवण लोक अजून सांगतात. गाढवाच्या नांगराची भीती त्यामुळे मनातून गेली. पडीक जमीन कसणाऱ्याला आधी सारा कमी घेतला, मग पीक वाढेल तसा वाढवला. शेतकरी परतले. मागोमाग सुतार, लोहार, कुंभार आले. भांडणतंटा झाला तर जिजाऊ स्वतः निवाडा करत.

त्याच काळात, १६३० साली, इंग्रज लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत बोस्टन गाव वसवत होते. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची होती. पुढे त्यांना तिथून हटावं लागलं. इकडे पुण्यात मात्र पळालेली माणसं आपल्या घरी परत येत होती. मला हा फरक फार मोठा वाटतो.

१६६६ साली शिवराय आग्र्याला गेले, तेव्हा राज्याचा कारभार जिजाऊंनी सांभाळला. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. तो सोहळा पाहून, अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला पाचाड इथे त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तिथेच आहे.

आपल्याकडेही पाऊस दगा देतो, तेव्हा माणसं कामासाठी पुण्या-मुंबईला जातात. घरांना कुलपं लागतात. गावात पाणी, काम आणि न्याय मिळाला तर कोण कशाला जाईल? म्हणून मित्रांनो आणि पालकहो, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला गेलात, तर वाडा पाहताना ही गोष्टही आठवा. ज्या पुण्याला आपली माणसं पोटासाठी जातात, ते आपल्याच जिल्ह्याच्या लेकीने पुन्हा उभं केलं आहे.