राजा रविवर्मा

राजा रविवर्मा यांचा जन्म ता. २९ एप्रिल १८४८ रोजीं त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें झाला. मामांनीं त्यांचा चित्रांचा छंद ओळखून त्यांस त्रिवेंद्रमच्या दरबारीं नेलें. परंतु तैलरंगांची विद्या तेथें कोणी सुखासुखीं दिली नाहीं. दरबारचे चित्रकार नायकर यांनीं शिकविण्याचें नाकारिलें. १८६८ सालीं आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपियन चित्रकारानें केवळ काम पाहूं दिलें. पाहून जें साधलें त्याच्या बळावर १८७३ सालीं त्यांच्या चित्रास व्हिएन्ना येथें पारितोषिक मिळालें.

१८८८ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांस पौराणिक विषयांवरील चौदा चित्रें सांगितलीं. आपल्या डहाणूवरून जाणारी आगगाडी पुढें त्याच बडोद्यास पोंचते. त्या चित्रांत शंतनु व मत्स्यगंधा यांचें एक आहे. हस्तिनापुरचा राजा धीवराच्या कन्येवर मोहित झाला. पण तिचाच पुत्र गादीवर बसावा, ही तिच्या पित्याची अट. थोरल्या देवव्रताचा हक्क कसा बुडवावा? राजा निमूटपणें परतला आणि मनांत झुरूं लागला. तें कळतांच देवव्रतानें राज्य व विवाह दोन्ही सोडिलीं. बापाच्या प्रेमाची किंमत मुलानें द्यावी, हें वाचतांना आजहि मन कष्टी होतें. चित्रांत मात्र यांतलें कांहींच अजून घडलेलें नाहीं. नदीकांठीं दोघें आहेत, इतकेंच. टर्नर या इंग्रज चित्रकारानें १८३७ सालीं हीरो व लिअँडर यांची ताटातूट दाखविली, ती वादळी आकाशासह. रविवर्म्यांस वादळाची गरज भासली नाहीं.

राजवाड्यांतील चित्रें गरिबानें कोठें पाहावीं? म्हणून १८९४ सालीं त्यांनीं मुंबईस शिळाछापखाना काढिला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. आमच्या गंजाडकडे लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानें भिंतीवरच लिहितात, त्यास छापखाना लागत नाहीं. पण इतरत्र घरोघरीं लक्ष्मी-सरस्वतीचीं चित्रें गेलीं तीं याच यंत्रांतून. त्यांत नफा झाला नाहीं, कर्ज मात्र झालें, आणि छापखाना श्लायखर नांवाच्या जर्मन कारागिरास विकावा लागला.

त्यांचे धाकटे बंधु राजराज वर्मा हे जन्मभर त्यांच्या शेजारीं बसून रंगवीत. ते १९०५ सालीं वारले. त्यानंतर ता. २ ऑक्टोबर १९०६ रोजीं रविवर्मा निवर्तले. मळवलीचीं यंत्रें पुढेंहि कित्येक वर्षें त्यांच्या देवी छापीत राहिलीं.