तरवड, सोनामुखी आणि फादर ब्लॅटर

पंढरपूर तालुक्यातील करकंबच्या आसपास पाऊस उघडला की माळरानावरचा तरवड पिवळ्या फुलांनी भरून जातो. पूर्वी त्याच्या सालीने कातडी कमावत. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी सोनामुखी ही याच तरवडाची जवळची भावकी. पण गुणात दोघींत मोठे अंतर आहे. सोनामुखीची पाने जोरदार रेचक आहेत, तरवडाच्या पानांत ती रेचक द्रव्ये नसतात. वाळलेली पाने मात्र सारखीच दिसतात आणि सोनामुखीत तरवडाची भेसळ जुनीच आहे. अशा पुडीने पोट साफ होत नाही म्हणून माणूस मात्रा वाढवतो. पुढच्या पुडीत खरी सोनामुखी आली, तर तीच वाढीव मात्रा अंगावर येते. जुलाब थांबत नाहीत, अंगातले पाणी आणि पोटॅशियम कमी होते. म्हातारी माणसे यात लवकर कोसळतात.

झाड नेमके कोणते, हा प्रश्न म्हणूनच औषधशास्त्राचाही आहे. त्या प्रश्नासाठी आयुष्य वेचणाऱ्यांत फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचे नाव आदराने घेतले जाते.

ब्लॅटर यांचा जन्म 15 डिसेंबर 1877 रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. जेझुइट पंथात दाखल होऊन ते 1903 मध्ये मुंबईला आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. नुसत्या पुस्तकावरून झाड कळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. फांदी, पान, फूल आणि फळ असलेला नमुना दाबून, वाळवून कागदावर चिकटवायचा, तो कुठे व कधी मिळाला हे लिहायचे आणि शंका आली की नवा नमुना त्याच्याशी ताडून पाहायचा, ही त्यांची रीत. 1906 मध्ये सुरू झालेला हा संग्रह आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो आणि त्यात एक लाखाहून अधिक नमुने आहेत.

मधली काही वर्षे धर्मशास्त्राच्या शिक्षणासाठी ते युरोपात होते. परतल्यावर 1917 मध्ये प्राध्यापक हालबर्ग यांच्यासह ते जोधपूर आणि जैसलमेरच्या वाळवंटात गेले. वाळवंटातली झुडपे ओळखणे अवघड असते. पाणी वाचवण्यासाठी त्यांची पाने बारीक होतात किंवा वर्षातला बराच काळ गळून गेलेली असतात. नेपती आणि खींप ही दोन निरनिराळ्या कुळांतली झुडपे, पण दोन्ही लांबून नुसत्या हिरव्या काड्यांचे झुबके वाटतात. फूल आणि शेंग हाती येईपर्यंत नाव सांगणे धोक्याचे. या प्रवासातून त्यांची भारतीय वाळवंटाच्या वनस्पतींवरची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1918 ते 1921 या काळात आली. एडन आणि अरबस्तानातल्या वनस्पतींवरही त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले. औषधी सोनामुखी मूळची त्याच अरबी प्रदेशाकडची.

ही भावंडे ओळखायची कशी? औषधी सोनामुखीची पर्णिका टोकदार असते आणि शेंग चपटी, जवळजवळ सरळ. राजस्थानच्या वाळूत तिची आणखी एक बहीण रानात उगवते. तिची पर्णिका टोकाशी गोल आणि शेंग वाकडी, मधोमध उंचवटे असलेली. तरवडाच्या पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे असतात. त्याच्या शास्त्रीय नावातला ऑरिक्युलाटा हा शब्द कानावरूनच आला आहे. शिवाय पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी दिसतात. हे सारे ताज्या फांदीवर दिसते. भुकटी झाली की डोळ्यांना काहीच कळत नाही.

1919 ते 1924 ब्लॅटर महाविद्यालयाचे प्राचार्य होते. अखेरच्या वर्षांतले त्यांचे एक काम वैद्यकाला थेट उपयोगी पडले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ 1918 मध्ये, कीर्तिकरांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला होता. ब्लॅटर, फादर कायस आणि डॉ. म्हसकर या तिघांनी तो बराचसा नव्याने लिहिला. कायस आणि म्हसकर हाफकिन संस्थेत औषधांची तपासणी करणारे. म्हणजे एकाने झाड पक्के करायचे आणि इतरांनी गुण. हा क्रम उलटा झाला, तर गुण कोणाचे तपासले हेच कळत नाही. या आवृत्तीचे खंड 1933 पासून निघू लागले. त्याआधी 1932 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे ब्रूल स्मृतिपदक पहिल्यांदा देण्यात आले, ते ब्लॅटर यांना. 26 मे 1934 रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची रीत आजही घराघरात उपयोगी आहे. सोनामुखी घ्यायचीच तर उघडी भुकटी घेऊ नये, ती रोजची सवय करू नये, आणि गरोदर स्त्रिया, लहान मुले व हृदयाची किंवा लघवी होण्याची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. झाडपाला खाऊन कोणाला त्रास झाला, तर दवाखान्यात येताना त्या झाडाची पानाफुलांसह एक फांदी, शेंग असेल तर तीही, सोबत आणावी. गावोगावी एकच नाव दोन झाडांना असते; हाती फांदी असली की डॉक्टरांना अंदाजावर विसंबावे लागत नाही.