समुपदेशनातून उपदेश काढणारा माणूस

मित्राचा फोन येतो. केटी लागलीय आणि घरी सांगायची हिंमत होत नाहीये. त्याचं बोलणं संपायच्या आत आपण सुरू होतो. टेन्शन घेऊ नको, पुढच्या वेळी निघेल, आधी बाबांना सांगून टाक, आणि हो, तो मोबाइल जरा कमी कर. बोलतो सगळं प्रेमानंच. पण पलीकडून एक बारीकसं हं येतं, फोन बंद होतो आणि त्या विषयावर तो पुन्हा आपल्याशी बोलत नाही.

झालंय ना असं? कधी तुम्ही फोन करणारे असाल, कधी उचलणारे. म्हणून आज ज्याची गोष्ट सांगायचीय तो माणूस तुम्हाला माहीत असायला हवा. कार्ल रॉजर्स. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. आपला समुपदेशन हा शब्दच बघा, त्याच्या पोटात उपदेश बसलाय. रॉजर्स यांनी आयुष्यभर काय केलं, तर तो उपदेश बाहेर काढला.

८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये त्यांचा जन्म झाला. सहा भावंडांत चौथा नंबर. वडील सिव्हिल इंजिनिअर, घर प्रेमळ पण धार्मिक आणि कडक. दारू तर सोडाच, नाच, पत्ते, नाटक यांनाही बंदी. मनातलं घरात बोलायची सोय नव्हती, कारण बोललं की लगेच चूक-बरोबरचा निकाल लागायचा. कार्ल बारा वर्षांचा असताना कुटुंब शेतावर राहायला गेलं. तिथे हा एकलकोंडा मुलगा रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांच्या नादी लागला. सुरवंट पाळायचा, हिवाळाभर कोश सांभाळायचा. शेतीशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचायचा. एखादी गोष्ट खरी की खोटी हे प्रयोग करून कसं ठरवायचं, ते त्याला तिथेच कळलं.

कॉलेजला त्याने आधी शेती घेतली. मग धर्मगुरू व्हायचं ठरवून इतिहासाकडे वळला. १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी चीनला गेला आणि सहा महिने फिरून आला तो वेगळाच होऊन. घरच्यांची श्रद्धा जशीच्या तशी आपली नाही, हे त्याला उमगलं. १९२४ मध्ये हेलनशी लग्न करून तो न्यूयॉर्कला धर्मशास्त्र शिकायला गेला. दोन वर्षांत तेही सुटलं. आधीच ठरवलेल्या उत्तरांवर आपण आयुष्यभर विश्वास ठेवू शकणार नाही, असं त्याला वाटलं. मग रस्ता ओलांडून तो समोरच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये मानसशास्त्राला गेला. शेती, इतिहास, धर्म, मानसशास्त्र! स्ट्रीम बदलली म्हणून घरी बोलणी खाणाऱ्यांनी हे नीट वाचून ठेवावं.

१९२८ मध्ये रॉजर्स रॉचेस्टर शहरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत रुजू झाले आणि तिथे बारा वर्षं राहिले. एकदा एका उनाड मुलाची आई आली. रॉजर्स यांचं निदान तयार होतं. आईने लहानपणी मुलाला झिडकारलं, म्हणून तो असा वागतो. मग बैठकीमागून बैठक ते तिला हे हळूहळू पटवत राहिले. तिला काही पटेना. शेवटी त्यांनी हात टेकले, आता थांबू या म्हणाले. ती उठली, दारापर्यंत गेली, वळली आणि तिने विचारलं की इथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते का. हो म्हटल्यावर ती परत त्याच खुर्चीत येऊन बसली आणि बोलायला लागली. नवऱ्याशी बिनसलेलं नातं, आपण हरलोय ही भावना. आधीच्या बैठकांमध्ये यातलं काहीच आलं नव्हतं. रॉजर्स फक्त ऐकत राहिले. पुढे तिचा संसार सावरला आणि मुलगाही सुधारला.

कुठे दुखतंय हे ज्याचं त्यालाच माहीत असतं, रस्ताही त्यालाच दाखवू द्यावा. त्या बाईने रॉजर्स यांना हे शिकवलं.

१९४० मध्ये ते ओहायोत प्राध्यापक झाले आणि १९४२ मध्ये त्यांचं समुपदेशनावरचं पुस्तक आलं. समोरच्याला पेशंट न म्हणता ते क्लायंट म्हणू लागले. पेशंट म्हटलं की तो आजारी आणि आपण शहाणे, हे आधीच ठरून जातं. शिवाय त्यांनी एका क्लायंटसोबतच्या सगळ्या बैठकी तबकड्यांवर रेकॉर्ड केल्या आणि शब्दन् शब्द पुस्तकात छापला. बंद दाराआड नेमकं काय बोललं जातं, ते पहिल्यांदाच सगळ्यांसमोर आलं. काउन्सेलर मंडळी आपापली रेकॉर्डिंग ऐकायला लागली तेव्हा त्यांना कळलं, आपण वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त सल्ले देतो!

पुढे त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. समोरच्याचं जग त्याच्या जागी बसून बघा. त्याला अटी न घालता स्वीकारा. आणि स्वतः मुखवटा घालू नका. या तीन गोष्टी मिळाल्या की माणूस आपणच वाढतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दाखला द्यायचे घरच्या तळघरातल्या बटाट्यांचा. अंधारातही त्यांना फिकट कोंब फुटायचे आणि ते लांबच्या खिडकीच्या उजेडाकडे वळायचे.

आता गोष्टीतला अवघड भाग. १९४५ मध्ये रॉजर्स शिकागोला गेले. तिथे एक क्लायंट फार गंभीर अवस्थेत होती. रॉजर्स तिला जास्तीत जास्त वेळ देत राहिले, मनातून नको वाटत असूनही. मी खरा आहे असं शिकवणारा माणूस स्वतःशीच खोटं वागत होता. एक दिवस आपणच कोसळतोय असं वाटून त्यांनी ती केस सहकाऱ्याकडे सोपवली आणि हेलनला घेऊन गाडीने शहराबाहेर पडले. दोन-तीन महिने परतलेच नाहीत. परत आले तेव्हा आपल्याच केंद्रातल्या एका सहकाऱ्यासमोर ते क्लायंट म्हणून बसले. हे त्यांनी लपवलं नाही. हे घडलं तेव्हा ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्षही होऊन गेले होते.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं असंही नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्यांनी विस्कॉन्सिनमध्ये मोठा अभ्यास केला, त्यातून अपेक्षित निकाल मिळाले नाहीत. काही त्रासांना औषधं लागतात, काहींना ठरावीक तंत्रं लागतात, असं पुढच्या अनेक तज्ज्ञांनी दाखवलं. पण यातलं काहीही करायचं तरी आधी नीट ऐकावं लागतं, हे आता जवळपास सगळेच मानतात. उतारवयात रॉजर्स उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंटांना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या-गोऱ्यांना समोरासमोर बसवून एकमेकांचं ऐकायला लावत होते. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले.

मग मित्राचा पुढचा फोन आला तर काय कराल? दोन मिनिटं सल्ला गिळून बघा. त्याने जे सांगितलं ते आपल्याला बरोबर समजलंय का, एवढंच विचारा. ऐकणं म्हणजे होला हो करणं नाही, हेही लक्षात असू द्या. आणि तो जगणं नको म्हणत असेल, तर तो भार एकट्याने उचलू नका. रॉजर्स यांनाही तो एकट्याने पेलला नव्हता. घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्यासोबत बसून लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

बाकी दिवशी मात्र त्याचं वाक्य आधी पूर्ण होऊ द्या.