अमरावतीच्या या माणसाने इंग्रजांना गुंगारा देत स्वातंत्र्याचं भाषण नाटकातून दिलं

शंभर वर्षांपूर्वीचं नाटक म्हणलं की आपल्याला पदं, तबला आणि शालू नेसलेले पुरुष नट आठवतात. यात राजकारण कुठून आलं?

तर ते आलं अमरावतीतून. माणसाचं नाव वामन गोपाळ जोशी. लोक त्यांना वीर वामनराव म्हणायचे.

जन्म 1881 चा, अमरावतीचा. तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, पण कारभार इंग्रजांचा. तरुण वामनराव टिळकांच्या विचारांनी भारावले आणि चळवळीत उतरले.

पण उघड बोलायची सोय नव्हती. 1876 पासून नाटकांवर बंदी घालायचा कायदाच होता. खाडिलकरांनी 'कीचकवध'मध्ये महाभारताच्या आडून कर्झनला झोडपलं. सरकारला ते कळलं आणि 1910 मध्ये नाटक बंद पाडलं.

मग वामनरावांनी काय केलं? कल्पनेतली राज्यं उभी केली. सत्तेच्या हव्यासावर 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' लिहिलं. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शने ते रंगभूमीवर आणलं, आणि केशवरावांची मृणालिनी गाजली.

1927 साली 'रणदुंदुभि' आलं. बलवंत संगीत मंडळी, वझेबुवांच्या चाली आणि तेजस्विनीच्या भूमिकेत मास्टर दीनानाथ. बाईच्या वेशातला हा नट परक्याच्या ताब्यात जगण्याचं दुःख गायचा आणि प्रेक्षकांना बरोबर कळायचं की गोष्ट कुठल्या देशाची आहे. नाटक जुन्याच वळणाचं, फक्त आतला मजकूर नवा.

असंच काहीसं तिकडे जपानमध्येही घडलं होतं. काबुकीत बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे. 1890 च्या आसपास कावाकामी ओतोजिरो हा राजकीय कार्यकर्ता नाटकात शिरला आणि त्यातून 'शिम्पा' म्हणजे नवं वळण उभं राहिलं. दोन्हीकडे चळवळीतल्या माणसांनीच नाटकाचा विषय बदलला.

वामनराव मात्र नुसतं लिहून थांबले नाहीत. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात ते वऱ्हाडच्या आघाडीच्या पुढाऱ्यांत होते. आता वऱ्हाडात समुद्र कुठला? म्हणून अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून लोकांनी कायदा मोडला. चळवळीपायी वामनरावांनी तुरुंगही भोगला.

पुढे 1931 ला बोलपट आला आणि संगीत नाटकांचे दिवस फिरले. मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या, बलवंतही त्यातून सुटली नाही. वामनरावांनी स्वातंत्र्य मात्र डोळ्यांनी पाहिलं. 1956 मध्ये ते गेले.

आज त्यांची नाटकं क्वचितच लागतात. पण 'रणदुंदुभि'ची पदं नाट्यसंगीताच्या मैफलीत अजून रंगतात. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की हे शब्द अमरावतीच्या एका सत्याग्रहीचे आहेत.